विमानाखालची वर्षं

संपादकांनी फोनवर सांगितलं, "विमानातले तुमचे अनुभव लिहा." मी म्हटलं, "विमानातले नाहीत, विमानाखालचे आहेत. चालतील का?" ते मोठ्यानं हसले. त्यांना तो विनोद वाटला.

कॉलनीतसुद्धा माझी ओळख 'विमान कंपनीतले भगवानराव' अशीच करून देतात. नवखा माणूस लगेच विचारतो, "मग किती देश पाहिलेत?" मी सांगतो, "झरी, पोखर्णी, सेलू, मानवत, पाथरी." त्यावर तो विषय बदलतो.

मी मूळचा पोखर्णीचा. परभणीला आयटीआय केलं आणि सेलूच्या एखाद्या जिनिंगमधल्या इंजिनावर लागायच्या ऐवजी हवाई फवारणी करणाऱ्या एका कंपनीत चिकटलो. नामांतराचं आंदोलन मराठवाड्यात धुमसत होतं, ती ही वर्षं. कापसाला बोंडअळी लागली की ती एका रानापुरती राहत नाही. कापूस छातीला लागल्यावर पाठीवरचा पंप घेऊन आत शिरणं मुश्कील, आणि शिरलं तरी शे-दोनशे एकर कोण फिरणार? म्हणून विमान. खरीप भरात आला की आमचं बिऱ्हाड झरीच्या पुढं एका मुरमाड माळावर पडायचं. काळ्या रानात विमान उतरवलं असतं तर ते बैल जुंपूनच बाहेर काढावं लागलं असतं. दगड वेचून, उंचवटे तासून आम्ही धावपट्टी करायचो. एका टोकाला बाभळीची रांग, दुसऱ्या टोकाला औषधाचे ड्रम, वजनकाटा आणि माझा तंबू. वारा कुठून येतो ते कळावं म्हणून बांबूला एक कापडी पिशवी बांधलेली.

विमान पिवळं होतं आणि एका माणसाचं होतं. पुढं इंजिन, त्याच्या मागं औषधाची टाकी, तिच्या मागं वैमानिकाची खुर्ची, आणि संपलं. दुसऱ्या माणसाला जागाच नाही. हे वाक्य मी साधेपणानं लिहिलं, पण माझ्या नोकरीतलं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे.

खुर्चीतले ते गृहस्थ म्हणजे कॅप्टन मिरजकर. चाळिशीचे, सडपातळ, बारीक मिशीचे, डोळ्यांवर काळा चष्मा. शेतात ते कधी पाय ठेवत नसत, त्यामुळं त्यांच्या बुटांना चिखल लागत नसे, याचासुद्धा मला राग यायचा. ते उतरले की लोक हार घालायचे. फवारणी झालेल्या रानाचा मालक पुरणपोळीचं ताट घेऊन यायचा. त्यांना गाव 'कप्तानसाहेब' म्हणायचं आणि मला 'मिस्त्री'. पहाटे तेल बघणारा, तोट्या साफ करणारा, पंखाच्या फाटल्या कापडाला ठिगळ लावणारा मी. (हो, त्या विमानाचं अंग बरंचसं कापडाचं होतं. लोक हळूच हात लावून बघत आणि घाबरून हात मागं घेत.) दुपारी विमान उभं असताना नाक वर-खाली करायची दांडी हलते का, पायाचे पॅडल नीट फिरतात का, हे बघायला मी त्या खुर्चीत बसायचो. कामच होतं ते. पण काम झाल्यावरही मी उतरत नसे. एका हंगामात मी त्या खुर्चीत जेवढा बसलो, तेवढे मिरजकरही बसले नसतील. फरक एवढाच, की मी बसलो की विमान जमिनीवर असायचं.

माळावर रोज जत्रा. एकदा सेलूचे एक कापसाचे व्यापारी जीप घेऊन आले. त्यांच्या मुलाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच होतं. "तवर इमान हितंच ठेवा," ते म्हणाले. "वरातीवर फुलं टाकायची. झेंडूची. पोतीच्या पोती देतो." त्या टाकीत आम्ही काय भरतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं, आणि त्यातून पडलेल्या फुलांखाली वऱ्हाड उभं राहिलं तर कुठं न्यावं लागेल, तेही सांगितलं. ते नाराज झाले. तेवढ्यात मिरजकर आले, त्यांनी व्यापाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून अगदी हेच दोन वाक्यांत सांगितलं, आणि तो गृहस्थ त्यांच्या पाया पडून, खूश होऊन गेला. मी सांगितलं की नकार, त्यांनी सांगितलं की सल्ला.

आता लोक रोज जो प्रश्न विचारायचे त्याच्याकडं येतो. एवढं वजन वर जातं कसं, आणि वर गेल्यावर पडत का नाही?

मिरजकर वहीच्या कागदाची लांब पट्टी ओठांशी धरायचे. ती खाली लोंबायची. मग ते तिच्या वरून फुंकर मारायचे, आणि पट्टी खाली जायच्या ऐवजी वर उठायची. लोक टाळ्या वाजवायचे. "वरची हवा जोरात पळते, तिथला दाब कमी होतो, खालचा दाब पंखाला वर उचलतो," ते सांगायचे. पुन्हा टाळ्या.

माझी पद्धत वेगळी होती. धावत्या एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढा. कंडक्टरचं लक्ष नसताना. तळहात जमिनीकडं ठेवा आणि अंगठ्याकडची कड जराशी वर करा. हात आपोआप वर उचलला जातो. कारण तुमच्या हातानं समोरून येणारी हवा खाली लोटली आणि हवेनं तुमचा हात वर लोटला. विमानाचा पंख हेच करतो. त्याची वरची बाजू फुगीर असते, त्यामुळं वरून जाणारी हवाही त्या उताराला धरून खाली वळते. मिरजकरांचा दाब आणि माझं लोटणं, ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं आहेत. दोन्ही खरी. टाळ्या मात्र त्यांनाच.

इंजिन विमानाला वर उचलत नाही, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. इंजिन फक्त पुढं ओढतं. पुढं गेलं की पंखावर हवा येते, आणि उचलण्याचं काम ती हवा करते. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते, म्हणून तर धावपट्टी लागते. समोरून वारा असेल तर तेवढी हवा फुकटात मिळते, म्हणून विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उडवायचं. पंखाची पुढची कड जास्त उचलली की उचल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्याच्या पुढं हवा पंखाला चिकटून राहत नाही, पंखाची पाठ सोडून भरकटते आणि उचल एकदम मोडते. तेव्हा विमान दगडासारखं खाली येतं.

हे मी नुसतं वाचलं असतं तर केव्हाच विसरलो असतो. मला ते झरीच्या कापसावर दिसलं. पट्टा चुकू नये म्हणून शेताच्या दोन टोकांना दोन माणसं पांढरं निशाण धरून उभी करायचो. एक जण आला नाही की मीच निशाण धरायचो. विमान पिकावरून माणसाच्या उंचीनं यायचं, डोक्यावरून गर्जत जायचं, आणि मग त्याच्या मागं पांढऱ्या फवाऱ्याची चादर दिसायची. ती चादर मागं तरंगत राहत नसे. पंखानं खाली लोटलेल्या हवेबरोबर खाली दाबली जायची, कापसाची पानं उलटी व्हायची, आणि दोन्ही पंखांच्या टोकांना तिच्या गुंडाळ्या व्हायच्या. न दिसणारी हवा काय करते, ते पांढऱ्या रंगात काढून दाखवल्यासारखं.

झरीचे दगडूअप्पा एकदा माझ्या शेजारी बांधावर उभे होते. शंभर एकरांचे धनी, जाड मिशा, डोक्याला भलामोठा पटका. त्यांना मी हे दाखवलं. त्यांनी दोन फेऱ्या नीट बघितल्या.

"म्हंजी मिस्त्री, हे इमान हवेला खाली लाथा मारायलाय, आन् त्येच्या जोरावर वर ऱ्हायलाय."

"बरोबर, अप्पा."

"मंग ह्येच्यात कप्तानाचं काय?"

या प्रश्नानं मला जो आनंद झाला तो मी इथं लिहू शकत नाही. पण त्याच दुपारी अप्पांनी मिरजकरांसाठी आख्खा बोकड कापला.

वाईट याचं, की मिरजकर वाईट नव्हते. ज्याचा हेवा करायचा तो माणूस निदान गर्विष्ठ असावा, तेवढी तरी सोय असावी. तशी सोय त्यांनी ठेवली नाही. संध्याकाळी ते स्वतः मला तंबूत बोलवायचे आणि विमानाच्या पुस्तकातले आलेख समजावून द्यायचे. ऊन वाढलं की हवा विरळ होते. विरळ हवेत पंखाला लोटायला कमी मिळतं, इंजिनाचंही बळ उतरतं. गवत ओलं असलं, जमीन मऊ असली की चाकं अडखळतात. म्हणून सकाळी जेवढं वजन उचलतं तेवढं दुपारी उचलत नाही. इतकी उष्णता, इतकी धावपट्टी, इतका वारा, तर इतकं वजन, हे हिशेब त्यांनी माझ्याकडून घोटून घेतले. "उद्यापासून टाकीत किती भरायचं ते तू सांगायचं, भगवान. मी ऐकणार." आणि ते खरंच ऐकायचे.

तरीही एक दिवस आला. ऑक्टोबरचं ऊन. दुपार कलल्यावर समोरून चांगला वारा सुटला होता, कापडी पिशवी ताठ होती, म्हणून मी टाकी बऱ्यापैकी भरू दिली. विमान धावायला लागलं, शेपूट उचललं, आणि अर्धी पट्टी संपायच्या आत वारा पडला. पिशवी बांबूला लोंबकळली. जमिनीलगत पंखाखाली दबलेल्या हवेची गादी तयार होते, तिच्यावर विमान उचललं तर गेलं, पण पुढं चढेना. गुडघाभर उंचीवर तसंच बाभळींकडं निघालं.

अशा वेळी माणसाचा हात नाक वर करायला जातो. समोर झाड दिसल्यावर वर खेचावंसंच वाटणार. पण तेच मरण असतं. मिरजकरांनी नाक वर केलं नाही. उलट जराही न हलवता विमान तसंच खाली धरलं आणि टाकीचं खालचं दार उघडणारी दांडी ओढली. सगळं औषध एका लोटात माळावर पडलं. वजन गेलं तसं विमान एकदम हलकं होऊन वर उसळलं आणि बाभळींच्या शेंड्यांना चाकं घासून पलीकडं गेलं. चाकात अडकून एक डहाळी पण आली.

तेवढ्या वेळात माझ्या मनात हेवा नव्हता. हे मी शपथेवर सांगतो. मी "पडू देऊ नको, पडू देऊ नको" एवढंच म्हणत होतो, आणि कोणाला म्हणत होतो ते मला माहीत नाही. चक्कर मारून ते उतरले. त्यांनी माझ्याकडं बघून, "वाऱ्यानं दगा दिला रे, तुझं काही चुकलं नाही," असं म्हटलं. तोपर्यंत गर्दी पोचली. दगडूअप्पांनी त्यांना मिठी मारली, पोरांनी खांद्यावर घेतलं, आणि त्या मिरवणुकीच्या मागून चाकातली डहाळी काढत असताना मला कळलं, हेवा परत आलेला आहे.

पुढच्या हंगामाच्या अखेरीस कंपनीचं एक दोन खुर्च्यांचं छोटं विमान आमच्या माळावर आलं. ते नांदेडला पोचवायचं होतं, आणि जाण्याआधी एक दिवस ते आमच्याकडं राहणार होतं. मिरजकर म्हणाले, "भगवान, उद्या सकाळी तुला वर नेतो. पोखर्णीवरून एक चक्कर मारू."

मी त्या संध्याकाळी सगळ्या झरीला सांगितलं. बायकोला, म्हणजे सुमनला, तर तीनतीनदा सांगितलं. हंगामात आम्ही झरीतच खोली घेऊन राहायचो. सुमन सेलूची, बोलायला कमी, कामाला वाघ. "बरं," ती म्हणाली. "मंग डबा किती वाजता आणू?"

रात्री पाऊस झाला. धावपट्टीचा बाभळीकडचा भाग मऊ पडला, तेवढी लांबी कमी झाली. सकाळी पेट्रोलचे ड्रम यायचे होते, पण नामांतराच्या बंदमुळं रस्ते अडलेले होते आणि आमचा ट्रक मानवतच्या अलीकडं उभा होता. वाट बघण्यात दुपार झाली. ऊन तापलं, वारा नावाला नाही. मिरजकरांना संध्याकाळच्या आत नांदेड गाठायचंच होतं. "आहे तेवढ्या पेट्रोलमध्ये एक चक्कर आणि नांदेड, दोन्ही होतं," ते म्हणाले. "चल, वजनाचा हिशेब कर."

औषधाच्या ड्रमच्या काट्यावर मी उभा राहिलो. भोवती निम्मी झरी. ब्याण्णव किलो. कोणीतरी म्हणालं, "मिस्त्रीला हारबीर घालू नका, अजून वाढंल." मी पुस्तक उघडलं. ऊन, लांबी, ओली जमीन, वारा शून्य. पेट्रोल आधीच बेताचं, त्यातून काढण्यासारखं काही नाही. मिरजकरांना काढता येत नाही. राहिलो मी. हिशेब एकदा केला, मग पुन्हा केला. तिसऱ्यांदा करताना माझ्या लक्षात आलं, की मी हिशेब करत नाहीये, विनवणी करतोय.

मिरजकर माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यांनी पुस्तक मागितलं नाही. "तू सांगशील ते," एवढंच म्हणाले.

"बसत नाही, सर," मी म्हणालो.

मग त्या भल्या माणसानं, माझा दिवस अगदीच वाया जाऊ नये म्हणून, विचारलं, "कितीचं माणूस बसेल?"

"पन्नासच्या आतलं."

मिरजकरांनी इकडंतिकडं पाहिलं. दगडूअप्पा मागं सरकले. निशाणवाले मागं सरकले, गेल्या हंगामातले बाभळीचे शेंडे सगळ्यांना आठवले की काय, असे. ड्रमजवळ सुमन डबा घेऊन उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून.

"वहिनी?" मिरजकरांनी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

मला वाटलं, ती लाजेल, नाही म्हणेल. तिनं डबा माझ्या हातात दिला. "मी जाते," ती म्हणाली, आणि सरळ जाऊन काट्यावर उभी राहिली. चव्वेचाळीस.

"अगं, भीती वाटंल," मी म्हणालो.

"तुमीच तर रोज सांगताव न्हवं, हवा धरती म्हनून?"

मी स्वतःच्या हातानं तिला त्या खुर्चीत बसवलं. पट्टा आवळला. लुगड्याचा ओचा दांडीत अडकू नये म्हणून नीट खोचायला लावला. दार लावलं. पंखा फिरवून इंजिन चालू करून दिलं. चाकाखालचे ठोकळे काढून घेतले आणि डबा घेऊन बाजूला झालो.

विमान धावलं, हलकं झालं, उठलं. माझ्या हिशेबापेक्षा जरा आधीच उठलं. मग पोखर्णीच्या दिशेनं लहान लहान होत गेलं. दगडूअप्पा शेजारी येऊन म्हणाले, "मिस्त्री, काळजी करू नका." मी मान हलवली. काळजी होती, नाही असं नाही. पण मला जे बोचत होतं ती काळजी नव्हती. लग्नाची बायको वर होती आणि मला तिच्यासाठी देव आठवायच्या ऐवजी ती खुर्ची आठवत होती. मिरजकरांचा हेवा मला सवयीचा झाला होता, दुखऱ्या दातासारखा. हा नवा होता.

परत आल्यावर ती उतरली. लोकांनी विचारलं तर हसली फक्त. मिरजकर निघून गेले. रात्री जेवताना मी तिला फैलावर घेतलं.

"जमीन सुटली तेव्हा काय झालं? पाठीवर दाब आला का आधी?"

"काय की."

"वळताना पंख किती कलला?"

"आता ते मी बघू, का खाली बघू?" ती म्हणाली. मग तिचं तिनंच सुरू केलं. "जमीन सुटल्यावर खडखड थांबती बघा. येकदम. बैलगाडी रेतीत शिरल्यावानी. मंग सगळं खाली ऱ्हातंय आन् आपुन कुठंच जायलो न्हाई असं वाटतंय. दुधना लय बारीक दिसती. बांध दिसतेत, पर कोन्चं रान कोनाचं ते कळंना. नरसिंहाच्या देवळाचा कळस येवढा, खडीसाखरेवानी. आन् आपली सावली व्हती खाली. इमानाची. ती रानातून पळायली, इहिरीत पडायली, पुन्हा वर यायली." ती माझ्या ताटात भाकरी वाढत हे बोलत होती. मला पंखाखालच्या हवेचा दाब काढता येतो. विहिरीत पडून वर येणारी सावली मला कोणत्याही आलेखात सापडली नव्हती.

दोन दिवसांनी रस्ते सुरू झाल्यावर आम्ही पोखर्णीला गेलो. माझी माय दारातच आरतीचं ताट घेऊन उभी. शेजारच्या बायका गोळा झालेल्या. "माझा लेक घरावरून गेला! मी बघितलं, धाब्यावरून हात केला!" असं तिनं गावभर सांगून ठेवलं होतं. तिनं मला ओवाळायला घेतलं तसा मी तिचा हात धरला.

"माय, तो मी नव्हतो. सुमन होती."

बायका हसल्या. माय रागावली. "चल, काहीबाही बोलू नगंस. बाया मान्साला कोन नेतंय इमानात?"

सुमन मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमी धाब्यावर उडीद पसरायलता. हिरवं लुगडं व्हतं. हात वर केला आन् सूप खाली अंगनात पडलं. कोंबड्या पळाल्या."

माय थांबली. ताटातली वात हलत होती. तिनं सुमनकडं पायापासून डोक्यापर्यंत असं बघितलं, जसं पहिल्यांदा बघत असावी. सूप पडल्याचं तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं, आता सुनेचं कौतुक करेल. सुनेला ओवाळेल.

"हिचं वजन किती भरलं?" तिनं मला विचारलं.

"चव्वेचाळीस."

"मी हिच्याहून हलकी हाय की रे भगवान," माय म्हणाली. "मंग मला का न्हाई नेलं?"

ताट तिनं तसंच ओट्यावर ठेवलं आणि आत गेली. त्या दिवशी ती आमच्या दोघांशी नीट बोलली नाही. माझी बाजू कोणी समजून घेतली असेल तर तिनंच, एवढं मला कळलं. पुढच्या हंगामात एकदा ती स्वतः माळावर आली, बरोबर मिरजकरांसाठी शेंगदाण्याचे लाडू. पण दोन खुर्च्यांचं विमान आमच्याकडं परत आलंच नाही. आणि थोड्याच वर्षांत हवाई फवारणीच बंद पडली. औषध कापसापेक्षा माणसांवर आणि विहिरींवर जास्त पडतं, असं लोक म्हणू लागले होते, आणि ते खोटं नव्हतं. त्या पांढऱ्या चादरीखाली निशाण धरून मीही उभा राहिलोय, माझ्या फुप्फुसांना ते ठाऊक आहे. माय त्यानंतर गेली. मायला एकदा नेता आलं असतं, ही एक गोष्ट मला राहून राहून लागते. सदतीस किलोची होती. कसल्याही उन्हात उचलली असती.

नंतर मी परभणीला गाड्यांच्या दुरुस्तीचं काम केलं, निवृत्त झालो. लेकीनं तिकीट काढून दिलं तेव्हा दिल्लीपर्यंत विमानानं गेलोही. खिडकी पंखावरची मिळाली. पंखाची मागची कड खाली येताना, वर जाताना बघितली, सगळं पुस्तकात होतं तसं. पण काचा बंद, गार हवा, चहा, पुढच्या माणसाचं डोकं. एसटीच, जरा बरी. खाली ढग होते. कोणाची सावली दिसली नाही.

गेल्या महिन्यात परभणीच्या एका शाळेनं मला बोलावलं. विमान कसं उडतं ते पोरांना सांगा म्हणाले. सुमनलाही घेऊन गेलो, घरी एकटी काय करेल म्हणून. मी फळ्यावर पंख काढला, चार बाण काढले. वजन खाली, उचल वर, ओढ पुढं, अडथळा मागं. हवा कशी वळते ते काढलं. चांगलं समजावलं, शिक्षकही माना हलवत होते. मग दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, पण वर गेल्यावर कसं वाटतं?"

मी दिल्ली आठवून बघितली. "कान दुखतात," मी म्हणालो.

पोरं हसली. मुलीचं समाधान झालं नव्हतं. मागच्या बाकावर सुमन बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. तिची बोलायची इच्छा होती, पण माझ्या तोंडून गेल्याशिवाय ती उठणार नव्हती. इतक्या वर्षांचा संसार, तेवढं कळतं.

"त्या बाईंना विचार," मी म्हणालो.

सुमन उठली, पदर सारखा केला आणि पुढं आली. "खडखड थांबती बघा," तिनं सुरुवात केली, आणि सगळा वर्ग एकदम गप्प झाला. मला असा गप्प वर्ग मिळाला नव्हता. तिच्यासाठी जागा करायला मी बाजूला झालो, डस्टर घेतला आणि माझे बाण एकेक करून पुसायला लागलो. कोणाचंही तिकडं लक्ष नव्हतं.